वेदीवरची दोन कोरी वर्तुळं

१

गुरुवारचा दिवस नेहमीसारखाच उजाडला, म्हणजे भांडणाने.

अंगणात गाडीच्या दोन बाजूंना दोघे उभे होते. एकीकडे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त बिशप, हात पुढे केलेला. दुसरीकडे बावीस वर्षं त्यांची गाडी चालवणारा ड्रायव्हर, चावीची मूठ पाठीमागे लपवलेली.

"चावी दे."

"साहेब, मेलो तरी देणार नाही."

"तू मेलास तर मलाच चालवावी लागेल. तोवर हात साफ नको का व्हायला?"

"परवा फाटकाचा खांब साफ केलात, तेवढं पुरे झालं."

"तो खांब मध्ये आला!"

"चाळीस वर्षं तिथंच उभा आहे तो, साहेब!"

"चालता हो! नोकरीवरून काढलं तुला!" बिशप इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरची बाई वाकून बघू लागली. आठवड्यातून दोनदा तरी ते ड्रायव्हरला काढत असत. बिशपांची लेक खिडकीत उभी राहून हसत होती. बेचाळीस वर्षांची, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणारी, आई गेल्यापासून बाबांजवळ राहणारी.

चिडचिड ओसरल्यावर बिशप ड्रायव्हरला म्हणाले, "उद्या सकाळी येऊ नकोस. दहाला ये."

"उद्या शुक्रवार आहे, साहेब. सातचं प्रभुभोजन?"

"दहाला ये म्हटलं ना."

दर शुक्रवारी सकाळी सातला घरातल्या छोट्या प्रार्थनाघरात बिशप प्रभुभोजनाचा विधी करत. अँग्लिकन चर्चचा नियम असा की पाळकाने तो एकट्याने करायचा नाही; भाकर आणि द्राक्षारस घेणारा निदान एक माणूस समोर हवा. तो एक माणूस म्हणजे ड्रायव्हर. लेक कधी येत नसे.

संध्याकाळच्या जेवणाला तिघं होती. तिसरे काका, बिशपांचे धाकटे भाऊ. तेही एकेकाळी दीक्षा घेतलेले पाळक, पण पंधरा वर्षांपूर्वी "माझा विश्वास उडाला" असं सांगून झगा परत करून आलेले. आता मागच्या खोलीत राहायचे, रेडिओ मोठ्याने लावायचे आणि भावाशी वाद घालायचे. विषय आर्चडीकनचा, म्हणजे बिशपाच्या हाताखालच्या मुख्य पाळकाचा, निघाला. बिशपांचा हा जुना सहकारी आता स्वतः बिशप होणार होता. पंधरा दिवसांनी, दीक्षेच्या दिवशी, सगळे बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवणार; निवृत्तांनाही बोलावणं होतं.

"पाच जणांचे दहा हात एका डोक्यावर," काका म्हणाले. "बिचाऱ्याच्या मानेचं काय होत असेल!"

बिशप हसले नाहीत. ते आपल्या हातांकडे बघत होते. "हे हात ठेवायचे की नाही, ते उद्या ठरेल," असं म्हणून त्यांनी लेकीकडे पाहिलं.

ती ताटं उचलायला उठली.

"उद्या येतेस? सातला?"

"परीक्षा चालू आहेत, बाबा. सहालाच निघायचंय."

तेवीस वर्षांत तिने किती कारणं दिली होती, ते तिला आठवत नव्हतं. त्यांना बहुधा आठवत असावं.

२

शुक्रवारी दहा वाजून गेल्यावर लायब्ररीतला फोन वाजला. काका होते. "ये," एवढंच म्हणाले आणि रडू लागले. काकांना रडताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

ती पोचली तेव्हा ड्रायव्हर पायरीवर बसला होता. त्याचा पांढरा शर्ट छातीपासून कमरेपर्यंत लाल झाला होता. "ताई, उचलायला गेलो," तो सारखं तेच म्हणत होता. "वाटलं, पडलेत. उचलायला गेलो."

"तुम्ही आत जाऊ नका," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आवाज खालचा.

ती आत गेली.

प्रार्थनाघर म्हणजे दहा बाय बाराची खोली. बाबा वेदीच्या पायाशी कुशीवर पडले होते. पितळेचं जड मेणबत्तीदान शेजारी आडवं होतं, त्याच्या चौकोनी बुडाला पांढरे केस चिकटले होते. डोक्याची उजवी बाजू आत बसली होती. जबडा सरकला होता. दोन दात फरशीवर पडले होते, एक बाजूला, एक दारापर्यंत घरंगळत आलेला. भिंतीवर रक्ताच्या रेघा छतापर्यंत गेल्या होत्या. डावा हात डोक्यावर घेतलेला, आणि त्याची तीन बोटं मोडलेली. म्हणजे पहिल्या फटक्याने ते गेले नव्हते. त्यांनी हात वर केला होता, आणि मारणारा थांबला नव्हता.

"सात घाव," इन्स्पेक्टर बाई मागून म्हणाल्या. "निदान सात."

कपाळावरची जुनी खूण तेवढी शाबूत होती. दंगलीच्या वर्षी कॅथेड्रलच्या आवारात दीडशे माणसं लपली होती, बाहेर जमाव पेट्रोलचे डबे घेऊन आला होता. तेव्हा बिशप आपली काठी, ती मेंढपाळाच्या काठीसारखी वरून वाकवलेली बिशपची काठी, हातात घेऊन फाटकाबाहेर एकटे उभे राहिले. एक दगड कपाळावर बसला. ते पडले नाहीत. जमाव परतला. शहरातल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती.

"भांडण कुणाशी होतं त्यांचं?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत फाटकापाशी आवाज झाला. दोन शिपाई ड्रायव्हरला धरून गाडीत कोंबत होते. शेजारची बाई गच्चीवरून त्यांना काहीतरी ओरडून सांगत होती.

३

"काल 'नोकरीवरून काढलं' असं बिशप ओरडले, ते सगळ्या गल्लीने ऐकलं," दुपारी इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "आज अंगभर रक्त."

"बावीस वर्षांत त्यांनी त्याला दोन हजार वेळा काढलंय," लेक म्हणाली.

"म्हणजे दोन हजार कारणं झाली."

"त्याला विचारा तरी."

विचारलं. ड्रायव्हरने ओंजळीत तोंड धरून सगळं सांगितलं. साहेबांनी दहाला बोलावलं, तो दहाला आला, घरात शांतता, मागे रेडिओ चालू. बस्स.

"वेदीवरचा चांदीचा पेला पुसून कुणी ठेवला? ठसे नाहीत त्याच्यावर."

ड्रायव्हरने कानांना हात लावले. "अहो बाई, त्या पेल्याला मी आजवर बोट लावलेलं नाही. आमच्यासारख्याने नाही लावायचं. साहेब स्वतः धुवायचे, स्वतः पुसायचे. मी नुसता गुडघे टेकून बसायचो."

मग काका.

"मी जागा सातला झालो. रेडिओ लावला. तो लावला की मला भूकंपही ऐकू येत नाही."

"भावाशी पटत नव्हतं म्हणे?"

"रोज भांडायचो. न भांडलेल्या दिवशी त्याला जेवण जात नसे." काकांचा हात थरथरत होता, पाण्याचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरला. "दारू विचारायची असेल तर विचारा. अकरा वर्षं थेंब नाही. थरथर मात्र राहिली."

आर्चडीकन स्वतःहूनच भेटायला आले. साठीला टेकलेले, ताठ, काळा झगा, स्वच्छ नखं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तिची मान आपोआप खाली गेली आणि तिला स्वतःचाच राग आला.

"बाळ, मी काय बोलू? मला त्यांनी मुलासारखं वाढवलं."

"आज सकाळी कुठे होतात?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"घरी. प्रवचन लिहीत होतो. एकटाच असतो मी. पत्नी जाऊन तेवीस वर्षं झाली." मग लेकीकडे वळून ते म्हणाले, "गुरुवारी कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी. त्यांचा जीवनपट तू वाचायचास. शाळामास्तराचा मुलगा, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी बिशप, दोन दवाखाने, दंगल… तुला सगळंच ठाऊक आहे." ते किंचित थांबले. "काय लिहायचं, तेही तुला ठाऊक आहे."

शेवटचं वाक्य अगदी मायेने म्हटलेलं होतं. ती त्यांच्यापासून दोन पावलं मागे सरकली.

४

शनिवारी सकाळी तिने इन्स्पेक्टर बाईंना फोन केला. "प्रार्थनाघर अजून तसंच आहे?"

"आहे. का?"

"मला वेदी बघायची आहे. काल मी फक्त बाबांना पाहिलं."

वेदीवर पांढरं कापड होतं आणि त्यावर रक्ताचे बारीक शिंतोडे, रांगोळीचे ठिपके पडावेत तसे सगळीकडे. उजव्या कोपऱ्यात चांदीचा पेला उभा, त्यावर छोटी तबकडी, तबकडीवर तीन घड्या घातलेलं पांढरं पुसणं. पेला लखलखीत.

"चोराने ठसे पुसले," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

"चांदीचा आहे. चोराने नेला असता." ती वाकली. "हे बघा."

कापडाच्या मधोमध दोन कोरी वर्तुळं होती, एक लहान, एक मोठं. भोवती शिंतोडे, आत एकही नाही.

"घाव बसले तेव्हा पेला आणि तबकडी इथे होती, मधोमध. म्हणून खालचं कापड कोरं राहिलं. आता पेला जरा उचला."

इन्स्पेक्टर बाईंनी हातमोजा घालून कोपऱ्यातला पेला उचलला. त्याच्या बुडाखाली रक्ताचे चार ठिपके वाळलेले होते.

"म्हणजे रक्त आधी, पेला इथे नंतर," इन्स्पेक्टर बाई सावकाश म्हणाल्या. "मारलं, मग भांडी आवरली. पण का?"

लेक खाली फरशीवर बसली. बाबांचं रक्त जिथे वाळलं होतं, त्याच्या जरा अलीकडे.

"कोनाड्यातल्या छोट्या बाटलीतला द्राक्षारस बघा. मी परवा काठोकाठ भरली होती. आता निम्मी आहे. म्हणजे पेल्यात ओतला होता. पण नुसता ओतलेला द्राक्षारस असता तर तो सांडला काय आणि राहिला काय, कुणाला पर्वा नसती. प्रार्थना झाल्यावर गोष्ट वेगळी. मग तो प्रभूचं रक्त. त्यातला थेंब मागे ठेवायचा नाही, भाकरीचा कण फेकायचा नाही. पाळकाने तो पिऊन संपवायचा, पेल्यात पाणी फिरवून तेही प्यायचं, पुसण्याने पेला आणि ओठ पुसायचे, तीन घड्या घालून वर ठेवायचं. दीक्षा घेतली की हात आपोआप चालतात."

"म्हणजे बिशपांनी विधी सुरू केला होता."

"आणि ते एकट्याने कधीच सुरू करत नसत. ड्रायव्हरला त्यांनी दहाला बोलावलं होतं. मी निघून गेले होते. म्हणजे समोर गुडघे टेकून कुणीतरी तिसरं होतं, त्यांनीच बोलावलेलं." तिचा आवाज फुटला नाही, तो नुसता पातळ झाला. "मॅडम, ज्याने बाबांचं डोकं फोडलं, त्याने मेणबत्तीदान खाली टाकलं आणि बाबांच्या प्रेताशेजारी उभं राहून पेला संपवला. कारण तो तसाच टाकून जायचं धाडस त्याला झालं नाही."

इन्स्पेक्टर बाईंनी पुसण्याचं कापड चिमट्याने उचलून पिशवीत टाकलं. घडी किंचित उलगडली. आतल्या बाजूला, पेल्यावरून पुसलेल्या रक्ताच्या तपकिरी ठिपक्यांत, ओठांचा पुसट डाग होता.

"पाळक," त्या म्हणाल्या. "या घरात एक पाळक राहतो."

५

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते इतक्या मोठ्याने हसले की इन्स्पेक्टर बाई दचकल्या.

"छान! म्हणजे फाशी मला. अहो, एक तर अकरा वर्षांनी मी वाइन प्यायलो असतो, तर तुम्हाला मी त्या बाटलीसकट गटारात सापडलो असतो. आणि दुसरं म्हणजे," त्यांचं हसू विरलं, "माझ्या लेखी त्या पेल्यात द्राक्षाचा रस आहे. नुसता रस. मी माझ्या भावाला मारलं असतं, तर पेला तसाच सोडून पळालो असतो. ज्याने तो संपवला, त्याचा विश्वास शाबूत आहे हो. माझ्यापेक्षा कितीतरी मोठा भक्त आहे तो."

इन्स्पेक्टर बाई बोटांवर मोजू लागल्या. ड्रायव्हरचा विश्वास होता, पण तो पेल्याला शिवत नसे. काका पेल्याला शिवले असते, पण त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास असलेला, दीक्षा घेतलेला आणि बिशपांनी बोलावलेला असा एकच माणूस उरत होता.

"पण का?" त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत तो बिशप होणार. कारणाशिवाय मी त्याला हात लावला, तर वकील मला उभं चिरतील. शिवाय तो म्हणेल, मी आलो तेव्हा ते मेलेले होते. पवित्र वस्तू पडून राहू नये म्हणून संपवली आणि घाबरून गेलो. खोटं ठरवायचं कसं?"

काकांनी पुतणीकडे पाहिलं. ती नखाने टेबलाचा रंग खरवडत होती.

"ती ऑर्गनवाली," काका हळूच म्हणाले. "त्याची बायको. तू तिच्याकडे शिकायला जायचीस."

"काका, नको."

"दादा कधी बोलला नाही. पण ती गेली त्या आठवड्यानंतर तू दादाच्या हातून प्रभुभोजन घेतलं नाहीस. मी काही आंधळा नाही."

"काय आहे?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

लेकीने खरवडलेला रंग टेबलावरून झटकला. मग म्हणाली, "मी ते सांगितलं, तर त्याच्याबरोबर बाबाही जातील. दंगल, दवाखाने, सगळं पुसलं जाईल. उरेल ते एवढंच."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तो बिशप होईल." तिने वर पाहिलं. "बाबा गुरुवारी जेवताना म्हणाले, हात ठेवायचे की नाही ते उद्या ठरेल. त्यांनी त्याला बोलावून शेवटची संधी दिली असणार. स्वतः जाऊन कबूल कर, म्हणाले असणार. तो नाही म्हणाला, म्हणून भाकर त्याच्या हातावर ठेवली नसेल. त्याच्यासमोर धरून परत घेतली असेल. आमच्यात पाप कबूल न करणाऱ्याला भाकर नाकारायचा अधिकार बिशपाला असतो. बाबांनी जन्मात एकदाच वापरला."

इन्स्पेक्टर बाई उठल्या. "मी गुरुवारी कॅथेड्रलमध्ये असेन. तोवर ड्रायव्हर कोठडीतच आहे, हे लक्षात असू द्या."

६

गुरुवारी कॅथेड्रल खच्चून भरलं होतं. शवपेटी मधोमध, झाकण बंद. चेहरा दाखवण्यासारखा राहिला नव्हता. बाजूच्या खोलीत पाळक झगे चढवत होते. इन्स्पेक्टर बाईंनी बाकीच्यांना बाहेर काढलं. खोलीत आर्चडीकन, त्या आणि लेक एवढेच राहिले. मधलं दार अर्धवट उघडं होतं.

"पुसण्यावर ओठांचा डाग आहे," इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. "लाळेवरून माणूस कळतो. तुमचा नमुना घ्यायला माणूस बाहेर उभा आहे."

आर्चडीकननी गळ्यातला पट्टा सरळ केला. घाई नव्हती त्यांना.

"गरज नाही. तो मीच आहे," ते म्हणाले. "खोटं बोललो, त्याचं प्रायश्चित्त घेईन. मी साडेसातला गेलो, तेव्हा ते पडलेले होते. पेला भरलेला, भाकर तशीच. मी पाळक आहे, मॅडम. ते तसं सोडून कसा जाणार होतो? संपवलं, आणि मग भीती वाटली. भीती हा गुन्हा असेल तर मी गुन्हेगार आहे."

"त्यांच्यासमोर आधी कोण बसलं होतं?"

"ते शोधणं तुमचं काम. मी त्यांना का मारेन? कुणीही सांगावं, आमच्यात कधी कडू शब्द झाला होता का?" ते लेकीकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. ते खरंही असावं. "बाळ, तू सांग ना यांना. तू घरातली. त्यांचं नाव आज तुझ्या हातात आहे."

बाहेर माणसं खोकत होती, बाकं करकरत होती. ऑर्गन थांबला होता.

लेकीने मधलं दार पूर्ण उघडलं आणि दारात उभी राहिली. पहिल्या रांगेतले चेहरे वळले. आजवर तिला इतक्या लोकांत मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"मी एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "सोमवारी ह्या आर्चडीकनांच्या घरी ऑर्गन शिकायला गेले. दाराला कडी होती, म्हणून खिडकीतून पाहिलं. ह्यांनी बायकोची बोटं पट्ट्यांवर दाबून धरली होती आणि वरून झाकण आपटलं. एकदा नाही. ती ओरडली नाही. मग केस धरून तिचं तोंड त्या झाकणावर आपटलं, ती खाली पडली तर पोटात लाथा घातल्या. ती रात्र तिने आमच्या घरी काढली. मी बाबांना सगळं सांगितलं. सकाळी बाबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, 'मी त्याच्याशी बोललोय' म्हणाले, आणि तिला स्वतःच्या गाडीतून परत सोडून आले. बुधवारी ती जिन्याखाली सापडली. मान मोडलेली."

"बाळ—" आर्चडीकन पुढे झाले. इन्स्पेक्टर बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"अपघात झाला, असं बाबांनी प्रवचनात सांगितलं. शवपेटीत तिच्या हातात पांढरे मोजे होते. ते बाबांनी घालायला लावले होते. म्हणजे बोटं त्यांनी पाहिली होती."

कॅथेड्रलमध्ये कुणी हलत नव्हतं. ती दारातून पुढे आली, मधल्या वाटेने पेटीपर्यंत गेली. आता तिचा आवाज लहान झाला होता, पण शांतता इतकी होती की शेवटच्या बाकावर काकांनाही तो ऐकू गेला.

"बाबा, जमावासमोर तुम्ही एकटे उभे राहिलात. तिच्यासाठी नाही राहिलात. तुम्ही तिला मरायला परत पाठवलंत. मी हे तेव्हाच पोलिसांना सांगू शकत होते. पोलीस चौकी आपल्या घरापासून चार मिनिटांवर होती. मी दोनदा चौकीच्या दारापर्यंत जाऊन परत आले, कारण मला माझे बाबा घरी हवे होते."